डोणवाडीच्या बाईंसाठी रेडिओ

गारगोटीच्या बाजारपेठेत 'पंचाक्षरी रेडिओ' नावाचं एक दुकान होतं. दुकानात दोन माणसं बसायची. एक गोड बोलायचा, दुसरी काम करायची. गोड बोलणारा पंचाक्षरी करंबळे, दुकानाचा मालक. काम करणारी त्याची बायको शांतव्वा. गिऱ्हाईक आलं की पंचाक्षरी म्हणायचा, "या पावणं, बसा, पाणी घ्या," आणि मागच्या टेबलावरून शांतव्वा ओरडायची, "पाणी नंतर! आधी ह्यात झुरळं कशी शिरली ते सांग म्हणावं!" रेडिओ दुरुस्त व्हायच्या आधी माणसाची दुरुस्ती व्हायची. तरी लोक तिथंच यायचे, कारण तिच्या हातून गेलेला रेडिओ पुन्हा बिघडून यायचा नाही.

शांतव्वाचं माहेर संकेश्वरच्या पुढचं. घरात सगळं कन्नड. लग्न होऊन ती गारगोटीला आली तेव्हा मराठीतलं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच तिला येत होतं, आणि रेडिओशी संबंध फक्त ऐकण्यापुरता. पण एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला पंचाक्षरीची नजर मंदावायला लागली. रेडिओच्या पोटातल्या केसाएवढ्या तारा त्याला दिसेनात. मग तो शेजारी बसून सांगायचा, "तांबड्या वायरीच्या अलीकडचं काढ," आणि ती कथलाचा डाग द्यायची. हात भाजायचे, कन्नडमधून शिव्या निघायच्या, पण डाग बसायचा तो पक्का. दोन वर्षांत पंचाक्षरीनं सांगायचं बंद केलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात तिथं पोचलेला असायचा.

खेड्यातनं आलेला एखादा नवखा माणूस दुकानात डोकावून विचारायचा, "मिस्त्री कुठं गेल्यात?"

"हितं बसलीया. दिसत न्हाय व्हय?"

त्या माणसाची बोबडी वळायची. पंचाक्षरी हसायचा आणि चहा सांगायचा.

तिची एक गोष्ट मात्र साऱ्या भुदरगड तालुक्याला ठाऊक होती. यंत्राबद्दल ती खोटं बोलायची नाही. मेलेला रेडिओ मेलाच म्हणायची. "नवा भाग घालून बघू या की," असं पंचाक्षरी हळूच सुचवायचा, गिऱ्हाईकही तयार असायचं, पण ही बया सरळ म्हणायची, "कशाला? मढ्याला औषध पाजायचं व्हय? घरी न्या आणि पोरांना खेळाय द्या." पंचाक्षरी कपाळावर हात मारून घ्यायचा. पण त्यामुळंच शांतव्वानं "चालंल" म्हटलं की लोक डोळे झाकून वस्तू घेऊन जायचे. तिचा शब्द म्हणजे शिक्का.

दोन हजार दोन साली तो नवा रेडिओ आला. उपग्रहाचा. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दुकानदारानं पंचाक्षरीला दोन संच विकायला दिले. दिसायला साधाच संच, पण सोबत शाळेतल्या पाटीएवढी एक चपटी अँटेना. ती आकाशात बरोबर एका जागी रोखून धरायची. रोखली की संचाच्या काचेवर एकेक काडी उगवायची, आणि आठ काड्या भरल्या की आवाज असा यायचा, की गाणारा शेजारच्या खोलीत बसलाय. खरखर नाही, पुटपुट नाही. डोंगर असो, दरी असो, जिथनं त्या जागेचं आभाळ दिसतं तिथं तो वाजायचा. मधे भिंत आली, झाड आलं, की मुका.

ती जागा कुठली, हे सोबतच्या कागदावर अंशाअंशांत छापलं होतं. पंचाक्षरीला ते दिसेना आणि शांतव्वाला ते वाचून काही कळेना. ती आठवडाभर दुकानाच्या माळवदावर अँटेना घेऊन फिरली. पेठेतली माणसं खालून विचारायची, "वहिनी, पापड वाळत घालताय का?" शिमगा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सव्वादहाच्या ठोक्याला आठही काड्या भरल्या, आणि तिनं बघितलं, की अँटेनाची सावली नेमकी तिच्या पाठीमागं पडली आहे. म्हणजे उपग्रह सूर्याच्या वाटेतच बसला होता! "अय्यो शिवने! हे तर घड्याळ निघालं!" असं म्हणून ती इतक्या मोठ्यानं हसली, की खाली पंचाक्षरीला वाटलं, बाई पडली. तेव्हापासून तिनं कागद बघितला नाही. कुठंही गेली तरी उभं राहून म्हणायची, "शिमग्यात सव्वादहाला सूर्य कुठं असतो हितं?" आणि तिकडं अँटेना रोखायची.

तसे सतरा संच तिनं बसवले. जंगलखात्याच्या चौकीत, धरणावरच्या कामगाराकडं, डोंगरातल्या दोन-तीन वाड्यांत. पण तिचं नाव निघावं ते डोणवाडीच्या संचासाठी.

डोणवाडी राधानगरीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीसारखी खोलगट दरी, आणि तिच्या तळाशी बावीस घरं. विजेचे खांब होते, वीज मात्र मनात आलं तर यायची. फोन नाही. साधा रेडिओ लावला तर नुसता लाह्या भाजल्यासारखा तडतडायचा. पावसाळ्यात चार महिने ओढा भरला की रस्ता बंद, आणि बाहेरच्या जगाशी बोलणंच बंद.

दोन हजार चारच्या शिमग्यानंतर तिथला पिराजी खोपडे दुकानात आला. वाडीचं दूध सडकेपर्यंत पोचवणारा माणूस, आणि शाळेच्या समितीचा प्रमुखही तोच. आला तो उभाच राहिला.

"वहिनी, आमच्या वाडीत त्यो आभाळाचा रेडिओ वाजंल का?"

"कुणाला पायजे? तुला?"

"मला कशाला? म्हशीच्या मागं फिरायला येळ पुरत न्हाय. आमच्या बाईस्नी पायजे. शाळंच्या."

मग त्यानं सगळं सांगितलं. चार वर्षांत पाच मास्तर आले आणि पाचही पळाले. एक तर पंधरा दिवसांत रात्रीचं गाठोडं बांधून गेला. आता संयोगिता नावाची तेवीस वर्षांची मुलगी आली होती, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली. एक पावसाळा तिनं काढला. पण आता म्हणत होती, परीक्षा झाल्या की राजीनामा. आणि वरच्या साहेबांनी बजावलं होतं, ही बाई गेली तर दुसरी मिळायची नाही. अकरा पोरांसाठी कोण येतंय? शाळा बंद, आणि पोरांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं.

"पावसात त्या वड्यात म्हैस टिकत न्हाय, वहिनी. पोरं कशी जातील? पोरी तर घरातच बसतील. अकरात सात पोरी हाईत." पिराजीनं मुंडासं सारखं केलं. "बाईस्नी इचारलं, काय कमी पडतंय? तर म्हणल्या, काही नाही, फार शांत आहे इथं. सहन होत नाही. मग आमी ठरवलं, त्यांना आवाज आणून द्यायचा. सगळ्या घरांनी वर्गणी काढलीया."

शांतव्वानं हातातलं काम बाजूला ठेवलं. तिनं काम बाजूला ठेवलं की पंचाक्षरीला काळजी वाटायची.

"री," ती कन्नड बायकांसारखी नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "दुकान सांभाळा. उद्या डोणवाडीला जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आणि मग पायी दोन तास चालून ती डोणवाडीत पोचली. संच डोक्यावर पिराजीनं घेतला होता, आणि मोटारसायकलची एक जुनी बॅटरी तिच्या पिशवीत होती.

शाळा म्हणजे दोन खोल्या. एकीत वर्ग, एकीत बाई राहायच्या. समोरच देवराईची झाडं, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नाही, मग फांदी तोडायची गोष्टच सोडा. शाळेच्या अंगणात उभं राहून शांतव्वानं अँटेना धरली. एक काडी. दोन. परत शून्य.

संयोगिता दारात उभी होती. बारीक अंगाची, डोळ्यांखाली काळं आलेलं. कोल्हापूरची पोर, तिकडच्या बायकांसारखं "मी आलो, मी गेलतो" असंच बोलायची. "मावशी, नका त्रास घेऊ," ती म्हणाली. "मी तसंही जाणारच आहे."

"तू जा की. कोण अडवतंय? पण मला माझं काम करू दे."

शांतव्वा एकटीच शाळेच्या मागं गेली. तिथं मोरीचा कट्टा होता, आणि त्याच्यावर झाडांच्या मधे आभाळाचा एक मोकळा तुकडा. अँटेना कट्ट्यावर ठेवली. एक, दोन, चार, आठ. आठही काड्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं, स्वच्छ, ठसठशीत. बाईंच्या खोलीपासून दहा पावलं. काम संपलं होतं.

पण शांतव्वानं आवाज बंद केला आणि कट्ट्यावर बसून राहिली. येता येता तिनं खोलीत नजर टाकली होती. भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर रोज एक फुली. दाराशी दुधाचा तांब्या झाकून ठेवलेला. तिनं पिराजीला विचारलं होतं, "बाई तुमच्यात येत-जात न्हाईत व्हय?" तर तो म्हणाला होता, "छ्या! मोठं माणूस. आमच्या शेणामुतात कुठं बसवायचं? दूध-भाजी दारात ठेवतोय आणि माघारी फिरतोय. कुणी तरास द्यायचा न्हाय म्हणून सांगून ठेवलंय." सगळ्या वाडीनं आदरानं त्या पोरीला वाळीत टाकलं होतं, आणि वर तिला आवाज कमी पडतोय म्हणून वर्गणी काढून रेडिओ आणला होता.

शांतव्वाला तिचं स्वतःचं गारगोटीतलं पहिलं वर्ष आठवलं. भाषा येत नव्हती, कुणाशी बोलणं नाही, रोज माहेरी पळून जायचं मनात यायचं. पण घरात पाणी नव्हतं. आड शेजारच्या तानाबाईच्या परड्यात. घागर घेऊन दिवसातून चारदा तिच्या दारातनं जावं लागायचं. तानाबाई काहीतरी बोलायची, ही मान हलवायची. असं करता करता भाषा आली, आणि पळून जायचं राहूनच गेलं. घरात आड असता तर शांतव्वा आज गारगोटीत नसती, हे तिला पक्कं माहीत होतं.

ती उठली. संच उचलला, आणि सगळ्या वाडीतून अँटेना मिरवत हिंडली. मागं पोरांची पलटण. आठ काड्या आणखी एका ठिकाणी भरल्या, वाडीच्या वरच्या अंगाला, ओहळ ओलांडून शे-दीडशे पावलांवरच्या एका घराच्या पुढच्या खोलीत. बायडाबाईच्या सोप्यात.

बायडाबाई साठीची, एकटी. दोन म्हशी, थोडी भाताची खाचरं, आणि तोंड अखंड चालू. माणसं कमी पडली तर म्हशींशी बोलायची.

शांतव्वा शाळेपाशी आली. वाडी जमली होती, संयोगिताही होती. आणि बारा वर्षांत यंत्राबद्दल कधी खोटं न बोललेली ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "वाजतोय. पण एकाच जागी. बायडाबाईच्या सोप्यात. बाकी कुठं येत न्हाय."

कुणी शंका घेतली नाही. कशाला घेतील? शांतव्वा म्हणतेय ना, संपलं. पिराजीचं तोंड मात्र पडलं. "म्हंजे बाईस्नी तिथवर जावं लागणार?"

"पाय हाईत की तिला."

परतीच्या वाटेवर तिचे कान गरम झाले होते. आपण त्या पोरीला फसवलं, पिराजीला फसवलं, बावीस घरांच्या वर्गणीला फसवलं. आणि त्या सोप्यात पोरगी पायच ठेवणार नाही असं झालं तर? मग शाळाही जाईल आणि शब्दही जाईल. घरी आल्यावर पंचाक्षरीनं विचारलं, "वाजला?" तर ती म्हणाली, "वाजला की," आणि जेवली नाही.

परीक्षा झाल्या. राजीनामा आला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा संयोगिता परत आली, असं पिराजीकडून कळलं. "रोज सांच्याला जात्यात बायडाक्काकडं," तो सांगत होता. "एक-दोन तास बसत्यात." त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला शांतव्वानं शिवी न देता रेडिओ परत दिला, आणि तो माणूस घाबरून दोनदा तपासून गेला.

पण जुलैच्या मध्यावर राधानगरीच्या एसटीच्या ड्रायव्हरनं एक भिजकी चिठ्ठी आणून दिली. पिराजीची. 'रेडिओ मुका झालाय. बाई दोन दिस कुणाशी बोलत न्हाईत. बिगीनं या.'

"अगं, बाहेर धो धो चाललाय," पंचाक्षरी म्हणाला. "पाऊस उघडू दे, मग जा."

"तिकडं दिवाळीला उघडतो," असं म्हणून शांतव्वानं हत्यारांची पिशवी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली. त्या वेळी ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. पिराजी ओढ्याच्या अलीकडं दोर घेऊन उभा होता. कमरेएवढ्या पाण्यातून ती दोराला धरून पलीकडं गेली, तोंडानं शिवाचं नाव आणि पिराजीला शिव्या, दोन्ही एका दमात. वाडीत पोचली तेव्हा पोटऱ्यांना जळवा चिकटल्या होत्या.

बायडाबाईच्या अंगणात येऊन तिनं अँटेनाकडं बघितलं, आणि जागच्या जागी उभी राहिली. सोप्याच्या कडेला खांबावर बांधलेल्या त्या अँटेनावर एक नवंकोरं इरलं घातलं होतं. बांबूच्या कांबींवर पानांचे जाड थर बसवून केलेलं, भातलावणीत बायका डोक्यावरून पाठीवर घेतात तसं. पानं पाणी पिऊन टम्म झाली होती. त्यातून आभाळातलं काहीही खाली येणं शक्य नव्हतं.

"हे कुणी केलं?" शांतव्वा गरजली.

बायडाबाई खाचरातून धावत आली. डोक्यावर पोत्याची खोळ, ती गळून पाणी अंगावरून वाहत होतं. लुगडं चिखलानं माखलेलं, ओठ निळे पडलेले.

"मी केलं! बाईची वस्त हाय. भिजू देऊ व्हय तिला? पानं मिळंनात म्हणून माझंच दिलं. आजारी पडलं म्हंजे?"

"आजारी पडलं तर मी हाय! तू आजारी पडलीस तर तुला कुठल्या मिस्त्रीकडं नेऊ?" शांतव्वानं इरलं ओढून काढलं आणि बायडाबाईच्या डोक्यावर घातलं. "ह्याला आभाळाचं तोंड दिसाय पायजे. ह्याला पाऊस लागत न्हाय, बाई. तुला लागतोय."

पिशवीला गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद तिनं अँटेनावर ताणून बांधला. काड्या भरल्या. आत सोप्यात एक परदेशी बाई गळा काढून गायला लागली.

सोप्यात संयोगिता चुलीपुढं बसली होती. तिनं वर बघितलं, आणि तिचे डोळे भरलेले होते.

"मला माहीत होतं, मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "इरल्यामुळंच बंद पडलाय ते. पण कसं काढू? दिवसभर ती चिखलात पोतं घेऊन उभी, आणि इरलं ह्याला. काढलं तर तिला वाटेल, आपण केलेलं बाईंना नको. नाही काढलं तर ती भिजतेय. दोन दिवस मला काही सुचलंच नाही."

आणि पिराजी, बिचारा, तिच्या गप्प बसण्याला राजीनामा समजून ओढा पोहून गेला होता!

बायडाबाई इरलं झटकत आत आली. "ही परत रडाय लागली का?" ती रेडिओकडं बोट करून म्हणाली. "काय झालंय हिला, कळत न्हाय. पण हिचं होईस्तवर बदलायचं न्हाय हं बाई. मधीच सोडून जाऊ ने." मग शांतव्वाकडं वळून म्हणाली, "एक करा की. पोरीला रोज पावसात ओहळ वलांडून वर यावं लागतंय. परवा घसरली. ह्यो रेडिओ शाळंपाशी न्या. काय तरी युक्ती काढा."

 खरं बोलायची ही वेळ होती. दहा पावलांवर कट्टा होता. संयोगिता चुलीत फुंकर घालत होती.

"तिथं येत न्हाय," शांतव्वा म्हणाली. एकदाच नाही, आता दुसऱ्यांदा. आणि पाय शेकायला चुलीजवळ सरकली, म्हणजे तोंड धुरात राहील.

वर्षं गेली. संयोगिताची नोकरी पक्की झाली, आणि पक्की झाल्यावर माणूस बदली मागतो, तशी तिनं मागितली नाही. अकराची शाळा एकोणीसची झाली, कारण आजोळी ठेवलेली पोरं आईबापांनी परत आणली. पहिल्या सातांतल्या दोन पोरी राधानगरीच्या हायस्कुलात गेल्या. शांतव्वा वर्षातून दोनदा जायची, बॅटरी बघायची, वायर बघायची, बायडाबाईला ओरडायची, आणि मोरीच्या कट्ट्याकडं न बघता परत यायची. त्या सतरा संचांत तिनं सगळ्यात जास्त जपला तो हा.

आणि मग दोन हजार नऊच्या डिसेंबरात कोल्हापूरहून निरोप आला. कंपनी बंद होतेय. एकतीस तारखेनंतर आभाळातून काही येणार नाही. संच ठीक राहतील, पण त्यांना बोलायला कुणी नसेल.

पंचाक्षरी म्हणाला, "सगळ्यांना निरोप धाडू या. तू कुठं हिंडतीस आता?" तोवर शांतव्वाचे गुडघे धरायला लागले होते. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. "मी बसवलाय. बंद होणार हे मीच सांगायला पायजे. मुक्या डब्याला माणसं चापट्या मारत बसतील." सतरापैकी सोळा ठिकाणी ती आठवड्याभरात जाऊन आली. डोणवाडी तिनं शेवटी ठेवली. भीती वाटत होती, दुसरं काय? सहा वर्षं ज्या दोरीनं ती पोरगी तिथं बांधली होती, ती दोरी आता तुटणार होती.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. संयोगिता सोप्यात जोत्यावर बसून वह्या तपासत होती, बायडाबाई म्हैस पिळायला गेली होती. रेडिओ हळू आवाजात चालू होता. शांतव्वानं पाणी घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. एकतीस तारखेला बंद. परत चालू होणार नाही. माझ्या हातात काही नाही.

"बरं," संयोगिता म्हणाली.

"बरं काय? आता तू जाणार असशील तर मला आत्ताच सांग. पिराजीला मी सांगीन. त्याचा जीव लहान हाय."

संयोगितानं पेन खाली ठेवलं. शांतव्वाला आता थांबवेना. "आणि आणखी एक. मी तुला फसवलं. शाळेच्या मागं, मोरीच्या कट्ट्यावर, आठ काड्या येत्यात. पहिल्याच दिवशी आल्या होत्या. तुझ्या खोलीपासनं दहा पावलं. सहा वर्षं तुला उन्हापावसात उगंच वर चढवलं. जन्मात यंत्राबद्दल खोटं बोलले नव्हते, ते हितं बोलले. आता शिव्या द्यायच्या त्या दे."

"मला माहीत आहे, मावशी."

"काय म्हायती हाय?"

"कट्ट्यावर येतंय ते. तुम्ही बसवून गेलात, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुमच्यावर चिडून सगळं उचलून खाली नेलं. म्हटलं, बघू तरी. कट्ट्यावर ठेवलं आणि आठ काड्या. मी एकटाच तास-दीड तास ऐकत बसलो. लई भारी वाटलं. मग अंधार पडायच्या बेताला बायडाक्का ओहळ उतरून खाली आली. हातात चहाचं भांडं. म्हणाली, 'आज आली न्हाईस, म्हणून घेऊन आलो.' समोर रेडिओ वाजत होता. तो घरातनं कधी गेला, कुणी नेला, एक शब्द विचारला नाही. चहा ठेवला, आणि गेली परत." संयोगिता हसली. "भांडं परत द्यायला जायचंच होतं. जाताना रेडिओ पण घेऊन गेलो."

  सहा वर्षं उरावर घेतलेला धोंडा, आणि त्याच्याखाली काही नव्हतंच!

"मग त्या पावसात, मी चुलीपाशी खोटं बोलले तवा..."

"तवा मला वाटलं, ही बाई आता खरं बोलून सगळं घालवते की काय. फुंकर घालत गप्प बसलो."

"अय्यो शिवने," शांतव्वा म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. रडली ती, उघड रडली. मग नाक पुसून, सवयीनं आवाज चढवून म्हणाली, "ते झालं. पण एकतीसनंतर काय? रेडिओ न्हाय, काही न्हाय. मग रोज वर येणार कशाला तू?"

"कशाला म्हणजे?" संयोगिता वह्या गोळा करत म्हणाली. "जेवायला."

म्हैस पिळून मागच्या दारानं आलेल्या बायडाबाईनं आतून हाक मारली, की पावणीला सांग, भाकरी थापतोय, उपाशी जायचं न्हाय.